डिसेंबरअखेर सहा जणांचा तंबूतला मुक्काम : काय न्यायचं, काय घरीच ठेवायचं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना सुट्टी आहे, तेव्हा दोन रात्री तंबूत काढायचं घाटतंय. निघणार छत्रपती संभाजीनगरहून. आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा, माझी आई आणि सासूबाई. दोघी आज्यांनी "आम्हीबी येणार" म्हणून आधीच सांगून ठेवलंय. सासूबाईंना बीपी आणि शुगर आहे. गाडी एकच, सात सीटची, वर कॅरिअर आहे. जागा दोन डोक्यात आहेत : एक गौताळा, दुसरी कन्नडकडे डोंगराच्या पायथ्याला असलेलं मावसभावाचं शेत.

माझं म्हणणं असं की तंबू तेवढा नवा घ्यावा, बाकी घरातल्या सामानात भागतं. नवऱ्याला वाटतं स्लीपिंग बॅगा, घडीच्या खुर्च्या, छोटा गॅस, सगळं घ्यावं. ज्यांनी लेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन असा मुक्काम केलाय त्यांनी सांगा. थंडी, स्वयंपाक आणि बायकांची सोय, या तिन्हींबद्दल मला नीट जाणून घ्यायचंय.

बालाघाट
आधी जागा पक्की करा, यादी तिच्यावरून ठरते. गौताळा-औट्रमघाट हे अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. तिथे आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही. रात्री थांबायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि जंगलाला धोका होईल असा विस्तव पेटवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बिबट्या आहे, अस्वल आहे. २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला वाघसुद्धा तिथल्या कॅमेऱ्यात दिसलाय. मुक्काम शेतात करा आणि जंगल दिवसा बघा. पितळखोऱ्याची लेणी लेकरांना जरूर दाखवा, पण उतरायला पायऱ्या आहेत, आज्यांचे गुडघे विचारून घ्या.

कडबा
शेत सोडून कुठं जायलात ताई? मावसभाऊ हाय, विहीर हाय, गोठा हाय. रातच्याला काही लागलं तर हाक मारली की माणूस येतंय. अजून काय पायजे!

रेगूर
तंबूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही.

"चार जणांचा" म्हणून विकतात त्यात दोन मोठी आणि दोन लहान माणसं झोपतात, तीही सामान बाहेर ठेवून. तुम्ही सहा आहात, तेव्हा चार-चारचे दोन तंबू घ्या, एक मोठा घेऊ नका. आज्या आणि नात एकीकडे, तुम्ही तिघं दुसरीकडे. रात्री कोणी उठलं तर सगळ्यांना तुडवत जावं लागत नाही.

पुढचं म्हणजे खिळे. तंबूसोबत येणारे बोटाएवढे खिळे मुरमात वाकतात आणि काळ्या रानात अलगद उपटून येतात. मुरमासाठी हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची खिळे घ्या, सोबत हातोडी. काळ्या रानात हातभर लांबीच्या लाकडी खुंट्या लागतात. त्या सरळ ठोकू नका. डोकं तंबूपासून बाहेर कललेलं आणि टोक तंबूच्या दिशेने आत, अशा तिरप्या ठोका, म्हणजे दोरी ताणली की त्या आणखी घट्ट बसतात. तरीही शंका वाटली तर खताच्या रिकाम्या गोण्या न्या, तिथेच माती भरा आणि दोऱ्या त्यांना बांधा. गोणीला वजन नसतं, नेताना चटईसारखी गुंडाळली जाते.

आणि सोयाबीन निघालेल्या रानात तंबू लावत असाल तर धसकटं आधी उपटून काढा. ती सुकली की सुईसारखी टोचतात, तंबूचा तळ एका रात्रीत चाळणीसारखा होतो. तुरीची खुटं त्याहून वाईट. पडीक कडेची किंवा खळ्याची जागा मिळाली तर उत्तम.

नाथसागर
रेगूर यांच्या खिळ्यांच्या मुद्द्याला दुजोरा. भर एवढीच की खाली ताडपत्री अंथरा, पण तिच्या कडा तंबूच्या तळाखाली दुमडून घ्या. बाहेर राहिलेल्या कडेवर दव साचतं आणि सगळं पाणी तंबूखाली वाहत येतं. रात्री तंबूची वरची जाळीही थोडी उघडी ठेवा. चार माणसांच्या श्वासाची वाफ आतल्या कापडाला लागून पहाटे थेंब थेंब पडते, आणि लोक तंबू गळतोय म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात.

जायकवाडीच्या काठाला जायचा विचार कोणी मनात आणला असेल तर : तेही १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात पाहुणे पक्षी बघायला सकाळी जा. पण पाणी उतरलेल्या काठावर वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो. लेकरांचा हात सोडू नका.

पारा_परभणी
थंडीचं विचारलंत. आमच्या परभणीत कृषी विद्यापीठातला पारा डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. डोंगराच्या पायथ्याला, उघड्या रानात, ओलिताच्या गव्हाशेजारी शहरापेक्षा गारठा जास्तच असतो. दुपारी मात्र घाम येतो, म्हणून जाड एकच स्वेटर नको, दोन पातळ न्या.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त चढते. अंगावर तीन पांघरुणं घेतली आणि खाली नुसती सतरंजी असली तर पाठ रात्रभर गार राहते. खाली ताडपत्री, मग फोमची चटई, मग सतरंजी, मग गोधडी दुमडून दुहेरी, आणि अंगावर एक घोंगडी पुरते. कानटोपी आणि लोकरी मोजे प्रत्येकाला. झोपायचे कपडे वेगळे ठेवा, दिवसभर घामेजलेल्या कपड्यांत झोपलं की हुडहुडी भरते.

गोदाकाठ
म्हणजे गोधड्यांनी भागतं तर! नवऱ्याला वाचून दाखवते.

भूमकर_काका
थांबा, त्यांची बाजूही ऐका. सहा जणांच्या खालच्या-वरच्या मिळून दहा-बारा गोधड्या होतात. तेवढ्यात गाडीची मागची जागा संपली. कापसाची गोधडी दवाने ओली झाली की दिवसभर उन्हात टाकल्याशिवाय वाळत नाही, आणि दुसरी रात्र तुमच्यासमोर असते. स्लीपिंग बॅग उशीएवढी होते. माझा सल्ला : दोन लेकरांना बॅगा घ्या, कारण ती झोपेत पांघरूण फेकतात. मोठ्यांना गोधड्या. आज्यांना बॅग देऊच नका, रात्री लघवीला उठताना चेन सापडत नाही, पाय अडकतो.

कडबा
गोधड्या कशाला नेतो म्हणतो मी. मावसभावाच्या घरी हायतच की. त्यायला फोन करा. फोमची चटई तेवढी न्या. अन् अंथरायला कडब्याच्या पेंढ्या टाका खाली, गादीवानी लागतंय.

भूमकर_काका
कडबादादा, गंजीतून काढलेल्या पेंढ्यांत उंदीर असतात, आणि उंदरामागे काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. लेकरं आहेत. सोयाबीनचं भुसकटही नको, रात्रभर अंग खाजतं.

कडबा
हे बराबर हाय. पेंढ्या माघारी घेतल्या.

मांजराकाठ
लातूरची आहे, म्हणून सगळ्यांत आधी पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते दिवस आम्ही काढलेत. घरातून निघताना पाण्याचा हिशोब करायची सवय तेव्हापासून लागली.

शेतात विहीर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. धुणं, भांडी, आंघोळ विहिरीवर करा, पण प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोजचे पाच लिटर घरून न्या. सहा जण, दोन दिवस, म्हणजे साठ लिटर : वीस लिटरचे तीन जार. मधल्या दिवशी कन्नडला कोणी जाणार असेल तर दोन जार न्या, तिसरा तिथून भरून आणा. जारला तोटी लावून न्या, नाहीतर लेकरं ग्लास बुडवतात आणि पाणी खराब होतं.

यात एक खाचखळगा आहे. बोअरचं पाणी जड असेल तर तुरीची डाळ शिजता शिजत नाही. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात आणि दाणा तसाच राहतो. वरण-खिचडी करायची असेल तर मुगाची डाळ न्या आणि घरचंच पाणी वापरा. गॅस वाचतो आणि भुकेली लेकरं रडत नाहीत.

येळवस
मांजराकाठताई पाण्यावर बोलल्या, मी जेवणावर बोलतो. आमच्या लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला अख्खं गाव रानात जेवायला जातं. डोक्यावर आंबिलीचा माठ, भज्जी, उंडे, खीर, सगळं पहाटे घरी शिजवून नेतात. रानात जाऊन कोणी फोडणी देत बसत नाही. कडब्याची खोप करायची, पूजा करायची आणि पंगत मांडायची. रानातल्या मुक्कामाची खरी रीत हीच, असं माझं ठाम मत आहे. तंबूत राहायला गेलेली बाई दोन दिवस चुलीपुढे बसणार असेल तर ती फिरायला गेली कधी?

म्हणून पहिल्या दिवसाचं सगळं घरून. धपाटे करा, पण दह्याचे नको, दुसऱ्या दिवशी आंबूस लागतात. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्या की दोन दिवस मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, लोणचं, गूळ. येसर, म्हणजे आमटीचं भाजून दळलेलं मसालेदार पीठ, घरातलं घेतलं की रात्री पाणी उकळून कोथिंबीर टाकली की आमटी तयार, थंडीत त्यासारखं दुसरं काही नाही. सकाळी सुशीला : चुरमुरे भिजवून पिळले, फोडणी दिली, पाच मिनिटांत सहा ताटल्या. कांदे, मिरच्या घरूनच चिरून डब्यात न्या. दुधाऐवजी दूध पावडर, किंवा मावसभावाची म्हैस दुभती असेल तर प्रश्नच मिटला.

गोदाकाठ
दुभती आहे, विचारलं आत्ताच. :)

आरोग्यसेविका_ताई
हे सगळं छान चाललंय, पण औषधांच्या डब्याबद्दल अजून कोणी बोललं नाही. मी ग्रामीण भागात काम करते, म्हणून कळकळीने लिहितेय.

सासूबाईंच्या गोळ्या चार दिवसांच्या न्या, दोनच्या नको. त्या दोन ठिकाणी ठेवा, अर्ध्या तुमच्या पर्समध्ये, अर्ध्या गाडीत. डॉक्टरांची चिठ्ठी फोनमध्ये फोटो काढून ठेवा. इन्सुलिन घेत असतील तर ते दुपारी बंद गाडीत राहू देऊ नका. शुगर एकदम उतरली तर हाताशी गूळ किंवा ग्लुकोज हवंच, रानात हिंडून जेवणाची वेळ चुकते. ओआरएस, पॅरासिटामॉल लहान-मोठ्या दोघांची, पट्टी, कापूस, अँटिसेप्टिक, कात्री आणि चिमटा. काटे मोडतात, चिमटा लागतोच.

विंचू. लाल विंचू लहान मुलांना फार बाधतो. या विषयात मोठं काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. महाडकडे काम करताना त्यांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरलं आणि त्यातून असंख्य जीव वाचले. औषध आहे, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं असतं. तुमचं काम एवढंच : बूट-चपला रात्री तंबूच्या आत घ्यायच्या, सकाळी उलट्या करून झटकायच्या. सरपणाला आणि दगडांना उघडा हात लावायचा नाही, आणि लेकरांना हे निघण्याआधीच सांगायचं.

साप थंडीत कमी हिंडतो, पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. मण्यार जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात येते आणि तिचा दंश कधी कधी कळतही नाही, पहाटे पोटात दुखून माणूस उठतो. म्हणून तंबूची चेन पूर्ण लावा, बोटभर फटही नको. बाहेर उघड्यावर झोपायचा मोह टाळा. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो अवयव हलू न देता थेट दवाखाना, आणि १०८ ला फोन. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि तिथे सर्पदंशाची लस आहे का, हे मावसभावाला आजच विचारा. शेतात मोबाइलची रेंज नेमकी कुठे येते तेही.

बालाघाट
ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं. त्यात आग्या मोहोळाची भर घालतो. तंबू लावण्याआधी मान वर करून झाड बघा. वडाला, पिंपळाला, कड्याला मोहोळ लोंबत असेल तर तिथून लांब जा. खाली धूर झाला की माशा उठतात, मग पळायला जागा पुरत नाही. लेण्यांत आणि किल्ल्यांवरही हेच, तिकडे जाताना अत्तर-सेंट लावू नका.

शेकोटी करणार असाल तर घमेल्यात करा. खाली दोन विटा ठेवा, म्हणजे जमीन भाजत नाही. झोपण्याआधी पाणी ओतून हाताला गार लागेपर्यंत विझवा. शेजारी तूर वाळलेली उभी असेल तर शेकोटी नकोच. आणि काही झालं तरी कोळशाची शेगडी तंबूत घ्यायची नाही. बंद जागेत कोळशाचा वायू साचतो, त्याला वासही नसतो, झोपेतच माणूस जातो.

चूलबंद
गॅसबद्दल. डबी लावून चालणारी छोटी चपटी शेगडी सोयीची असते, चहा-मॅगीला झकास. पण तिच्यावर भाकरीचा मोठा तवा ठेवू नका! तव्याची कड डबीच्या वर येते, तव्याची धग डबीला लागते आणि ती फुटू शकते. पहाटेच्या गारठ्यात डबीची ज्योतही मंद होते. तुमच्या घरी पाच किलोची टाकी असेल तर तीच न्या, उभी ठेवा, गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा. वाऱ्याला आडोसा म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून नेला की गॅस निम्मा वाचतो. भाकरी मात्र शेतातल्या चुलीवरच खाव्यात. :)

तुळजाई
बायकांच्या सोयीचं गोदाकाठने पहिल्याच पोस्टीत विचारलं आणि एवढ्या उत्तरांत एकानेही लिहिलं नाही. मी लिहिते.

मावसभावाच्या घरी संडास असेल तर तंबू त्याच्या जवळ, पन्नास-साठ पावलांच्या आत लावा. डोंगराचा नजारा थोडा कमी दिसला तरी चालेल. साठीच्या बाईला रात्री दोनदा उठावं लागतं. अंधारात धसकटांतून चालत जायचं म्हणून ती संध्याकाळपासून पाणीच पीत नाही, आणि शुगर असलेल्या बाईने असं करणं घातक आहे. घर लांब असेल तर घडीची कमोड खुर्ची न्या, औषधाच्या दुकानात मिळते, आणि चार बांबूंना जुन्या साड्या किंवा चादरी लावून आडोसा करा. कपडे बदलायलाही तोच कामी येतो. खड्डा वीतभर खोल, विहिरीपासून दोनशे फूट तरी लांब, सोबत खुरपं आणि राखेचा डबा. पॅड कागदात गुंडाळून परत आणायची पिशवी वेगळी ठेवा, रानात पुरू नका.

डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येक बाईला एकेक. हात मोकळे राहतात. एकाच टॉर्चवर सगळं घर नाचवू नका.

गोदाकाठ
तुळजाई, मनापासून आभार. आईने परवा नेमकं हेच विचारलं होतं, तेही मुलं बाहेर गेल्यावर, हळू आवाजात.

आकाशवेडा
विषय थोडा बदलतो. बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावून न्या आणि लेकरांना रात्री नऊनंतर आकाश दाखवा. तेव्हा मृग चांगला वर आलेला असतो, कृत्तिका डोक्यावर असतात. लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. त्या डोंगराच्या खानदेशाकडच्या पायथ्याला पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ साली मठ काढला, तो पाटणला, तिथे शिलालेख आहे. आकाशाचं गणित मांडणाऱ्या माणसाचा वारसा जपला गेला तो याच डोंगरापलीकडे, हे मुलीला तारे बघता बघता सांगा. बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात ते कायमचं राहील.

येळवस
आकाशवेडा, हे माहीत नव्हतं. वा!

कडबा
तारे बघा, पण हुरड्याचं कुणीच काढंना! मावसभावाची शाळू आगाप पेरलेली असली तर डिसेंबरअखेर कणसं धरत्यात. गोवऱ्या लावून आगटी करा, कणसं भाजा, गरम गरम चोळा. गूळभेंडी असली तर बघायलाच नको. सासूबायला गूळ नका देऊ, तिळाची चटणी द्या संगं.

पारा_परभणी
आमच्या विद्यापीठाचा 'परभणी वसंत' वाणही हुरड्याला गोड आहे, गूळभेंडीवाल्यांनी एकदा चाखावा. पण त्यांच्याकडे पेरा उशिरा झाला असेल तर मुक्काम जानेवारीअखेर ढकलणं शहाणपणाचं. थंडीही थोडी कमी होते.

गोदाकाठ
सुट्ट्या डिसेंबरातच आहेत, हुरड्यासाठी परत जाऊ. आता ठरलं ते असं : शेत पक्कं, गौताळा दिवसा. दोन तंबू. लेकरांना बॅगा, आम्हाला गोधड्या, निम्म्या मावसभावाच्या. पाच किलोची टाकी. कमोड खुर्ची आजच आणते. खुर्च्या दोनच, आज्यांसाठी. नवऱ्याने ते मान्य केलंय. गाडीत सामान भरायचा काही क्रम आहे का?

रेगूर
आहे. जे पोचल्यावर आधी लागतं ते सगळ्यांत शेवटी भरायचं. तंबू, ताडपत्री, हातोडी आणि बॅटऱ्या अगदी डिकीच्या तोंडाशी. दिवस साडेपाचपासून कलायला लागतो, तेव्हा चारला पोचा, उजेडात तंबू उभे करा, मगच चहा. पाण्याचे जार खाली आणि पुढच्या सीटांना टेकवून. कॅरिअरवर फक्त हलकं : गोधड्या, चटया, आणि त्यांवर प्लास्टिक. औषधाचा डबा आणि आज्यांच्या शाली त्यांच्या पायाशी. निघण्याआधी एकदा गच्चीवर दोन्ही तंबू उभे करून बघा, ते काम मुलीला द्या.

कडबा
ताई, एक राहिलंच. मावसभावाला इचारा, गव्हाला पाणी कोणत्या रातीला हाय. शेतीची लाइट कधी दिवसा असते, कधी रातीला. मोटरीला आटो लावलेला असतो, लाइट आली की आपोआप चालू होते, पाणी दांडानं सुटतंय. तंबू दांडाच्या वरच्या अंगाला लावा, खालच्या अंगाला नको.

गोदाकाठ
विचारलं. त्या आठवड्यात त्यांची पाळी रात्री अकराची आहे. म्हणाला, दोन दिवस आटो बंद ठेवतो, पाणी तुम्ही गेल्यावर देतो. तरीपण तंबू वरच्या अंगालाच लावू.